आईच्या दुधात पावडर कशाला? कमी दिवसांच्या बाळाचं ते छोटं पाकीट नक्की काय करतं

माझी भाची ३० आठवड्यांची जन्मली, वजन १२०० ग्रॅम, म्हणजे किलोभर साखरेच्या पिशवीपेक्षा थोडीशीच जास्त. पहिले काही दिवस सलाईनवर गेले, मग नळीने दूध सुरू झालं, आधी २ मिली, मग ४, मग ६, आणि नवव्या दिवशी सिस्टर दारात येऊन चिठ्ठी देऊन गेल्या की एचएमएफचा एक बॉक्स आणा. मी खाली मेडिकलमधून आणला. आत बोटभर लांबीची पाकिटं, प्रत्येकात १ ग्रॅम पांढरी पावडर. आमच्या आईने एक पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "अगं ही तर दुधाची पावडर, मग ही पोरगी रात्री दोन-दोनला उठून दूध काढतेय ते कशासाठी?"

बहीण तिथेच बसली होती. ती काही बोलली नाही, पण त्या संध्याकाळी तिचं दूध रोजच्या निम्मंसुद्धा निघालं नाही.

हे पाकीट कशासाठी ते घरच्यांना नीट सांगितलं नाही तर त्याचा पहिला फटका आईला बसतो, हे मला तेव्हा कळलं. आणि हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही. २०२० साली जगात अंदाजे १ कोटी ३४ लाख बाळं दिवस भरायच्या आधी जन्मली, त्यातली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात. त्यातल्या सगळ्यांना पाकीट लागत नाही (त्यावर पुढे बोलू), पण ज्यांना लागतं त्यांच्या घरी हा संवाद होतोच. मी डॉक्टर नाही, पण त्या सात आठवड्यांत डॉक्टरांना आणि सिस्टरांना विचारून विचारून आणि नंतर वाचून जे समजलं ते शक्य तितकं सोपं करून लिहितेय.

## आधी दोन शब्द

३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेलं बाळ म्हणजे प्रीमॅच्युअर, आपल्या भाषेत कमी दिवसांचं. त्यातही ३२ आठवड्यांच्या आतली आणि दीड किलोपेक्षा कमी वजनाची बाळं सगळ्यात नाजूक, आणि पाकिटाचा विषय मुख्यतः यांचाच.

एचएमएफ म्हणजे ह्यूमन मिल्क फोर्टिफायर. आईच्या दुधात मिसळायची पावडर किंवा द्रव, ज्यात प्रोटीन, कॅल्शियम, फॉस्फरस, थोडी ऊर्जा, सोडियम, झिंक आणि व्हिटॅमिन असतात. मिठात आयोडीन घालतात तेव्हा मीठ मीठच राहतं ना, तसं इथे दूध आईचंच राहतं. पुढे मी नुसतं 'पाकीट' म्हणेन.

## वाळवणं गच्चीवर आणि पाऊस सुरू

आपल्याकडे मे महिन्यात काय चालतं ते आठवा. पापड, कुरडया, सांडगे, वर्षाचं तिखट, डाळींना ऊन दाखवणं, सगळी बेगमी जून लागायच्या आत डब्यात गेली पाहिजे. पोटातलं बाळ शेवटच्या तीन महिन्यांत अगदी हेच करत असतं. जन्माच्या वेळी बाळाच्या हाडांत जेवढं कॅल्शियम-फॉस्फरस असतं त्यातलं साधारण ८० टक्के शेवटच्या तीन महिन्यांत भरलं जातं. लोहाचा साठा तेव्हाच, कातडीखालची चरबी तेव्हाच. आणि मेंदू, ३४ आठवड्यांना त्याचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण ६५ टक्केच असतं, म्हणजे एक तृतीयांश काम शेवटच्या सहा आठवड्यांत होतं.

हा सगळा माल वारेतून (प्लॅसेंटातून) येतो, रात्रंदिवस, बाळाला काहीही न पचवता. गर्भाच्या दर किलो वजनामागे रोज शंभराच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम नाळेतून आत जातं.

आता ३० आठवड्यांत जन्मलेलं बाळ म्हणजे वाळवणं अजून गच्चीवरच आहेत आणि पाऊस सुरू झाला. बेगमी झालीच नाही. नाळ कापली, पुरवठा बंद, पण बांधकाम मात्र थांबत नाही, मेंदू त्याच वेगाने वाढायला बघतोय, हाडं लांब होतायत. आणि हे सगळं आता एका इवल्याशा पोटातून, चमच्या-दोन चमच्यांच्या दुधातून भागवायचं.

(जाता जाता, सातमाशी मूल जगतं पण आठमाशी जगत नाही असं आपल्याकडे अजून म्हणतात. हे पूर्ण चुकीचं आहे, पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. हे ऐकून आठव्या महिन्यात बाळंत झालेल्या बाईला काय वाटत असेल याचा तरी विचार करायला हवा.)

## १२०० ग्रॅमचं गणित

हे गणित मला एका डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला करून दाखवलं आणि मग बाकी काही समजावून सांगायची गरजच राहिली नाही, म्हणून तेच मांडते.

अशा बाळाला दूध पूर्ण सुरू झालं की दर किलोला रोज १५० ते १८० मिली देतात. १६० धरा. १२०० ग्रॅमच्या बाळाला दिवसाला १९२ मिली, दर दोन तासांनी १६ मिली, म्हणजे तीन छोटे चमचे.

प्रोटीन: आईच्या दुधात, सुरुवातीचे काही आठवडे गेले की, १०० मिलीमागे साधारण १ ते सव्वा ग्रॅम प्रोटीन असतं. (कमी दिवसांच्या बाळाच्या आईच्या दुधात सुरुवातीला ते जास्त असतं, निसर्ग थोडी सोय करतो, पण काही आठवड्यांत ते उतरतं.) म्हणजे १९२ मिलीतून मिळालं जेमतेम २.३ ग्रॅम. या बाळाची गरज दर किलोला साडेतीन ते चार, म्हणजे ४.२ ते ४.८ ग्रॅम. निम्मंच पोचतंय.

कॅल्शियम: दुधात १०० मिलीमागे २५ ते ३० मिलिग्रॅम. १९२ मिलीतून पन्नासेक. गरज कमीत कमी १४४. इथे तर एक तृतीयांश. ऊर्जेची तफावत त्यामानाने लहान, खरी खोट प्रोटीन आणि खनिजांची आहे.

मग जास्त दूध द्या ना, असं कुणीही म्हणेल, मीही म्हटलं. नुसत्या दुधातून तेवढं कॅल्शियम द्यायचं तर रोज साधारण ५७५ मिली द्यावं लागेल, १२०० ग्रॅमच्या जिवाला अर्ध्या लिटरच्या वर. ६० किलोच्या माणसाने रोज २९ लिटर दूध प्यायल्यासारखं आहे ते. आत्ता जे १६० च्या हिशोबाने देतायत तेच त्याच माणसाला साडेनऊ लिटर पडेल! पोट फुगेल, फुप्फुसांवर आणि हृदयावर पाण्याचा ताण येईल. दूध वाढवायला जागाच नाही. म्हणून तेवढ्याच दुधात जास्त माल भरायचा, एवढाच मार्ग उरतो.

पाकीट हेच करतं. १०० मिलीमागे साधारण १ ग्रॅम प्रोटीन वाढवतं, ऊर्जा ६७ कॅलरीवरून ८० च्या आसपास नेते, कॅल्शियम-फॉस्फरस कितीतरी पटीने वाढवतं. १९२ मिलीतून आता प्रोटीन मिळतं ४.२ ग्रॅम. गरजेला पोचलो.

आणि नाही दिलं तर? हाडांचंच सांगते. स्लॅब टाकताना सळया कमी पडल्या तर स्लॅब त्या दिवशी दिसायला व्यवस्थितच दिसतो. तसं बाळ बाहेरून ठीक दिसतं, पण रक्तात फॉस्फरस उतरतं, हाडं ठिसूळ होतात, काही बाळांत तर नुसतं उचलता-ठेवताना बरगडी मोडलेली नंतर एक्स-रेमध्ये सापडते. म्हणून काही आठवड्यांनी जी रक्ततपासणी सांगतात त्यात कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज (हाडं कमकुवत होत असली की रक्तात वाढणारं एक द्रव्य) बघतात.

## "म्हणजे हिच्या दुधात दम नाही, असंच ना?"

नाही, नाही आणि नाही. हा प्रश्न आमच्याकडे तीन वेगवेगळ्या लोकांनी तीन वेगवेगळ्या दिवशी विचारला आणि तिन्ही वेळा बहिणीसमोर.

आईचं दूध कशासाठी बनलंय? ज्या बाळाने नऊ महिन्यांची बेगमी करून ठेवलीय त्याच्यासाठी. त्या बाळाला ते तंतोतंत पुरतं. कमी दिवसांच्या बाळाला खरं तर या वेळी दूध मिळायचंच नव्हतं, वार मिळायची होती. पाकीट भरून काढतं ते वारेचं अर्धवट राहिलेलं काम. गावातल्या सगळ्यात धष्टपुष्ट, पाच लिटर दूध पिणाऱ्या बाईचं बाळ ३० आठवड्यांत जन्मलं तरी तिच्याही दुधात हीच भर घालावी लागेल.

आणि मग ओघाने येतं की तिला डिंकाचे लाडू द्या, अळिवाची खीर द्या, रोज लिटरभर दूध प्यायला लावा, म्हणजे दूध घट्ट येईल. लाडू जरूर द्या, बाळंतिणीला शक्ती हवीच, तिची झोप नाही, टाके आहेत, दिवसातून आठ-दहा वेळा दूध काढायचंय. पण तिने काहीही खाल्लं तरी दुधातलं प्रोटीन आणि कॅल्शियम फारसं बदलत नाही. आईचं शरीर इतकं दिलदार आहे की तिच्या खाण्यात कॅल्शियम कमी असलं तर ते स्वतःच्या हाडांतून काढून दुधात घालतं, पण ठरलेल्या प्रमाणाच्या वर जात नाही. लाडू आईसाठी, पाकीट बाळासाठी, दोन्हींची गल्लत करू नका.

एक मात्र खरं, दूध काढताना शेवटी शेवटी येणारं दूध जास्त स्निग्ध असतं, त्यामुळे अर्ध्यावर न थांबता पूर्ण काढलं तर बाळाला कॅलरी जास्त मिळतात. प्रोटीनची खोट त्याने भरत नाही.

## "गाईच्याच दुधाचं आहे तर मग सरळ डब्याचं का नाही देत?"

बहुतेक पाकिटांतलं प्रोटीन गाईच्या दुधापासूनच बनतं, हे खरं. पण भर घालणं वेगळं आणि अख्खं जेवण बदलणं वेगळं.

कमी दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात सगळे ज्या एका आजाराला घाबरून असतात तो म्हणजे एनईसी, काही जण 'नेक' म्हणतात. कच्च्या आतड्याला सूज येते, पोट टम्म फुगतं, शीतून रक्त जातं, आतड्याचा भाग मरतो, कधी ऑपरेशन लागतं, आणि कितीतरी बाळं यात हातची जातात. डब्याच्या दुधावरच्या बाळांत हा आजार, मिल्क बँकेचं आईचं दूध मिळालेल्या बाळांच्या तुलनेत, जवळपास दुपटीने दिसतो. आईच्या दुधात जी संरक्षक द्रव्यं आहेत, जिवंत पेशी आहेत, ती कुठल्याच डब्यात नाहीत. डॉक्टर म्हणूनच आईच्या दुधाचा एकेक थेंब मागतात, अगदी पहिल्या दिवसाचा चीक ०.२ मिली का निघेना, तोही गालाच्या आत लावतात.

तेव्हा क्रम असा आहे: आधी आईचं दूध, ते नसेल तर मिल्क बँकेतलं, आणि त्यात भर म्हणून पाकीट. आईचं दूधच नसेल तर पाकीट कशात मिसळणार? बहिणीला मी एवढंच सांगितलं, की तुझं दूध हे जेवण आहे आणि ही पावडर त्यावरचं मीठ. रात्री दोनचा गजर तिने परत लावला.

## "पावडरमुळेच नेक होत नाही ना?"

ही शंका अगदी रास्त आहे. जगभरातल्या १८ चाचण्या, मिळून १४५६ बाळं, यांचे निष्कर्ष एकत्र करून २०२० साली जो आढावा आला त्यात असं दिसलं की पाकीट दिलेल्या बाळांचं वजन दर किलोमागे रोज पावणेदोन ग्रॅमने जास्त वाढलं, लांबी आठवड्याला साधारण १ मिलीमीटरने जास्त वाढली आणि डोक्याचा घेरही थोडा जास्त. आकडे लहान वाटतात, पण डोक्याचा घेर म्हणजे आतला मेंदू, आणि सव्वा किलोच्या जिवात महिनाभर हे साठत जातं. नेकचं प्रमाण पाकिटामुळे स्पष्टपणे वाढलेलं आढळलं नाही. मात्र अभ्यास लहान आहेत आणि त्यांचा पुरावा कच्चा आहे, आणि ही मुलं पुढे मोठी झाल्यावर बुद्धीत किती फरक पडला याची माहिती फार थोडी आहे, हेही त्याच आढाव्यात स्पष्ट लिहिलंय. डॉक्टर 'शंभर टक्के' असा शब्द वापरत नाहीत ते यामुळे.

अमेरिकेत माणसाच्या दुधापासून बनवलेलं फोर्टिफायरही मिळतं, भयंकर महाग. ते जास्त सुरक्षित असेल असं साहजिकच वाटतं. पण स्वीडनमध्ये २२ ते २७ आठवड्यांच्या बाळांवर चाचणी झाली, २०२४ साली निकाल आला, त्यात नेक, रक्तातला जंतुसंसर्ग आणि मृत्यू हे सगळं धरून काही फरक दिसला नाही. तेव्हा ते मिळालं नाही म्हणून कुणी जीव कासावीस करून घेऊ नये.

खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत. पोट थोडं फुगणं, दूध पोटात राहणं, शी घट्ट होणं, हे काही बाळांत होतं, मग डॉक्टर एक-दोन दिवस थांबवतात किंवा अर्ध्या ताकदीने देतात. आमच्या भाचीचं तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, पाकीट बंद, घरात सगळ्यांचे चेहरे उतरले, दोन दिवसांनी परत अर्ध्यावर सुरू केलं आणि मग चाललं.

दुसरी अडचण पावडरच्या स्वच्छतेची. कुठलीही दुधाची पावडर निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर नावाचा एक जंतू अशा कोरड्या पावडरीत तग धरतो आणि इतक्या लहान बाळात तो रक्तात, मेंदूच्या आवरणात जाऊ शकतो. फार क्वचित होतं, पण याच कारणाने अमेरिकेत मोठ्या हॉस्पिटलांनी द्रव फोर्टिफायर घेतलंय. आपल्याकडे पावडरच जास्त चालते, त्यामुळे मिसळणारे हात किती स्वच्छ आहेत यावर सगळा खेळ.

## काचेतून पाहिलेलं मिसळणं

एकदा मी काचेतून पूर्ण वेळ बघत होते. सिस्टरांनी कोपरापर्यंत हात धुतले, उकळून काढलेल्या छोट्या वाटीत बहिणीचं २५ मिली दूध मोजून घेतलं, पाकिटाचं तोंड आधी पुसलं, कापलं, सगळी पावडर टाकली, टिचकी मारून पाकीट रिकामं केलं आणि गुठळी राहणार नाही असं हळू ढवळलं. मग त्यातलं १६ मिली सिरिंजमध्ये घेतलं, सिरिंज नळीला जोडून हाताने वर धरून ठेवली, दांडा न दाबता, दूध आपल्या आपण उतरू दिलं. उरलेलं ९ मिली झाकून, वेळ लिहून फ्रीजमध्ये.

मी विचारलं की १६ मिलीला मग पाऊण पाकीट का नाही टाकत, वाया जातं. त्या म्हणाल्या, "ताई, पाऊण डोळ्याने मोजणार कसं?" आणि ते खरंच आहे. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात टाकायचं असतं, ते एका ग्लासात टाकलं तर जुलाब उलट वाढतात, हे आपल्याला माहीत आहे. इथेही तसंच, दूध प्रमाणाबाहेर घट्ट झालं तर कच्चं आतडं ते सोसत नाही. आमच्या पाकिटावर १ ग्रॅम २५ मिलीला असं होतं, दुसऱ्या कंपनीचं दुसरं असू शकतं, त्यामुळे बॉक्स बदलला की प्रमाण परत वाचायचं. दोन पाकिटं टाकली तर बाळ दुप्पट वाढेल असं कुणाच्या मनातसुद्धा येऊ नये.

सुरू कधी करतात? पहिल्या दिवसापासून नाही. दूध दर किलोला ५० ते १०० मिलीपर्यंत पोचलं आणि बाळाला ते पचतंय असं दिसलं की मग.

## कुणाला नको

हा भाग मी मुद्दाम ठळक सांगते, कारण हल्ली 'वजन वाढवायची पावडर' म्हणून कुणीही कुणालाही सुचवतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या शिफारशीत स्वच्छ म्हटलंय की प्रत्येक कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला सरसकट पाकीट नको, ३२ आठवड्यांच्या आतल्या किंवा दीड किलोच्या आतल्या बाळांसाठी त्याचा विचार करावा. ३६ आठवड्यांचं, सव्वादोन किलोचं, छान ओढून पिणारं बाळ असेल तर त्याला आईचं दूध भरपूर आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाला तर अजिबात नको. शेजारणीच्या नातवाला दिलं आणि गुटगुटीत झाला म्हणून मेडिकलमधून आणून घरी सुरू करणं धोक्याचं आहे, डॉक्टरांच्या कागदाशिवाय हात लावू नका.

बाळगुटी, मध, जायफळ उगाळून चाटवणं हे तर या बाळांच्या जवळपासही आणू नका. मी आजी लोकांचा मान राखूनच सांगतेय.

## पैशांचं काय

दिवसाला सात-आठ पाकिटं लागतात आणि बाळ वाढतं तशी ती वाढत जातात, महिनाभराचा हिशोब केला की घरातला कर्ता माणूस गप्प होतो. दिल्लीच्या एम्समध्ये डॉक्टरांनी याच प्रश्नावर चाचणी केली, १२३ बाळं, २०२१ साली छापून आली. त्यात एका गटाला एचएमएफ आणि दुसऱ्या गटाला आईच्याच दुधात मोजून मिसळलेली प्रीमॅच्युअर बाळांसाठीची फॉर्म्युला पावडर दिली. वजनवाढीत दुसरा गट मागे पडला नाही आणि खर्च कमी आला. म्हणजे परवडत नसेल तर डॉक्टरांकडे दुसरा रस्ता असू शकतो, पण त्यासाठी आधी संकोच सोडून त्यांना सांगावं लागतं की साहेब, हे झेपत नाहीये. मनाने पाकीट अर्धं करून, एक दिवसाआड देऊन पैसे वाचवणारे आई-बाप मी तिथे पाहिलेत, आणि त्यांना दोष कसा देणार, पण बाळाचं वजन अडकतं आणि कुणालाच कळत नाही का.

## आईला दूधच येत नसेल तेव्हा

याबाबतीत आपल्या महाराष्ट्राने वाट दाखवलीय. आशियातली पहिली ह्यूमन मिल्क बँक मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये, २७ नोव्हेंबर १९८९ ला, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तपासून, ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून, जंतू मारून साठवतात. २०१७ पासून सरकारी हॉस्पिटलांतल्या अशा केंद्रांसाठी केंद्र सरकारची नियमावलीही आहे.

या दानाच्या दुधाला तर पाकिटाची गरज आणखी जास्त असते. दान करणाऱ्या बहुतेक आया पूर्ण दिवसांच्या बाळांच्या असतात, त्यांच्या दुधात प्रोटीन त्यामानाने कमी, शिवाय तापवताना काही संरक्षक द्रव्यं कमी होतात आणि भांड्याभांड्यांत ओततानाही स्निग्धांश चिकटून जातो. म्हणून दानाचं दूध मिळालं तरी आईने स्वतःचं काढणं थांबवायचं नाही, जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरुवात करायची, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, रात्रीसकट. कांगारू दिलं, म्हणजे बाळाला उघड्या छातीवर धरलं, की दूध वाढतं हे आम्ही रोज बघितलं, बहिणीची कांगारूनंतरची वाटी नेहमी जास्त भरायची.

आणि हो, ऑनलाइन किंवा ओळखीतून विकत मिळणारं आईचं दूध घेऊ नका. मे २०२४ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, माणसाच्या दुधाच्या विक्रीला परवानगी नाही असं स्पष्ट बजावलंय. दूध दान होतं, विकलं जात नाही.

## किती दिवस

रोज सकाळी वजन, आठवड्यातून एकदा लांबी आणि डोक्याचा घेर, हे सगळं तक्त्यावर मांडतात. दर किलोला रोज १५ ते २० ग्रॅम वाढ असेल तर गाडी नीट चाललीय. १२०० ग्रॅमच्या बाळाला ती १८ ते २४ ग्रॅम, चार-पाच चमचे साखरेएवढी. एखाद्या दिवशी वाढलं नाही म्हणून रडू नका, तीन-चार दिवसांचं मिळून बघतात. पाकीट देऊनही वाढत नसेल तर डॉक्टर रक्तातलं युरिया बघून प्रोटीन आणखी वाढवतात.

पोटातले दिवस धरून बाळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांचं झालं की ओढणं, गिळणं आणि श्वास याचा मेळ बसायला लागतो. मग नळीवरून पालडाई, म्हणजे आपलं जुनं बोंडलंच, फक्त उकळलेलं आणि सिस्टरांच्या देखरेखीखाली, आणि मग अंगावर. अंगावरचं वाढेल तशी पाकिटं आपोआप कमी होतात. कधी पूर्ण थांबवायचं ते बाळाच्या वजनावर ठरतं, काहींचं दोन किलोच्या आसपास थांबतं, काही फारच मागे राहिलेल्यांना घरी गेल्यावरही दिवसातून दोन-तीन वेळा काढलेल्या दुधातून चालू ठेवतात, बाळंतपणाच्या मूळच्या तारखेपर्यंत किंवा त्याही पुढे. लोहाचे आणि व्हिटॅमिन डीचे थेंब मात्र पुढे कित्येक महिने चालतात, ते विसरू नका, पाकीट बंद झालं म्हणजे सगळं बंद झालं असं नसतं.

आमच्याकडे सात आठवड्यांनी डिस्चार्ज मिळाला, वजन १९४० ग्रॅम, हाडांचे रिपोर्ट चांगले, अंगावर व्यवस्थित ओढत होती. डॉक्टरांनी कागदावर दोन थेंबांची नावं लिहिली आणि एचएमएफच्या ओळीवर आडवी रेघ मारली. आमच्या आईने चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे आता नुसतं हिचंच दूध?"

"हो आजी, आता नुसतं आईचंच. बुधवारी वजनाला घेऊन या."